कडू काढा आणि आजीचे तीन दिवस



मागच्या वेळी केळफुलाच्या भाजीवर लिहिलं, तेव्हा भोपाळच्या एका मावशींचा फोन आला होता. भाजी चांगली झाली म्हणाल्या, आणि लगेच पुढची फर्माईश केली. "तुमच्याकडे भादव्यात तो कडू काढा करतात ना, गुळवेल आणि चिराईताचा, त्याची नीट कृती लिही. आमची सून मोबाईलवर बघून करते आणि महिना-महिना सगळ्यांना पाजते. चहासारखा. बरोबर आहे का ते?"

कृती सांगणं सोपं आहे. ती खाली सांगतोच. पण मावशींच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घराला जरा महागात मिळालेलं आहे, त्यामुळे आज लेख थोडा लांबेल. मी वैद्य नाही, डॉक्टर नाही, कॉम्प्युटरचा माणूस आहे. जे घरात घडलं आणि त्यानंतर जे वाचलं-विचारलं, तेवढंच लिहितो.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शाहपूर बऱ्हाणपूरहून इच्छापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पुढे इच्छादेवीचं दर्शन घेतलं की थोड्याच वेळात महाराष्ट्र लागतो. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि चहूकडे केळी. पावसाळ्यात बागेत शिरलं की अंगाला ओल चिकटते आणि डास तर विचारूच नका. श्रावण संपता संपता घरोघरी कोणी ना कोणी तापाने आडवं होतं. आजीच्या तरुणपणी हिवताप म्हणजे दरवर्षीचा पाहुणा होता. त्यामुळे भादवा लागला की चुलीवर काढ्याचं भांडं चढायचंच.

ते भांडं वेगळं होतं. मातीचं, बाहेरून काळं पडलेलं, फळीच्या अगदी मागे उपडं ठेवलेलं. त्यात दुसरं काही शिजायचं नाही. आजी पहाटे काढा करायची आणि आम्हा भावंडांना ओळीने बसवायची. "नाक दाबून पे. कडू हाये म्हणून त लागू पडते." मग तोंड गोड करायला गुळाचा खडा. अप्पा बऱ्हाणपूरला गेलेले असले तर दुसऱ्या दिवशी मावा जिलेबी. खरं सांगतो, माझ्या लहानपणीचा निम्मा काढा त्या जिलेबीच्या आशेने पोटात गेलेला आहे.

आणि आजीचा एक नियम होता. तीन दिवस. चौथ्या दिवशी नाही. कोणी हट्टाने मागितला तरी नाही. (माझा एक चुलतभाऊ मागायचा, जिलेबीसाठी.) ती म्हणायची, "तीन दिवस पेवाचा. चवथ्या दिवशी भांडं घासून ठेवाचं. ताप उतरला नही त डाक्टरकडे जायाचं, चुलीपाशी बसाचं नही." आम्हाला वाटायचं, म्हातारीची काहीतरी समजूत असेल. तीन आकडा शुभ वगैरे.

आता कृती. एका मोठ्या माणसासाठी आमच्या घरचं प्रमाण असं: बोटभर लांब, करंगळीएवढ्या जाडीचा ताज्या गुळवेलीचा तुकडा, काडेचिराईताची भरड एक सपाट चमचा, अर्धा चमचा धने आणि सुंठेचा लहानसा तुकडा. गुळवेलीची वरची पातळ पापुद्र्यासारखी साल नखाने खरवडून काढायची, आतलं हिरवं खोड ठेचायचं. सगळं रात्री चार कप पाण्यात भिजत घालायचं. सकाळी मंद आचेवर, झाकण न ठेवता, एक कप उरेपर्यंत आटवायचं. गाळून, कोमट झाल्यावर त्यातला अर्धा कप अनशापोटी घ्यायचा, उरलेला संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी नवा करायचा. काढा टिकत नाही, शिळा झाला की आंबतो. टिकवायची सोय हवी म्हणूनच तर आयुर्वेदात आसवं-अरिष्टं आली. गुळवेलीचं अमृतारिष्ट बाटलीत महिनोन्‌महिने राहतं, काढा दुसरा दिवस काढत नाही.

भांडं मातीचं किंवा स्टीलचं घ्यावं. ॲल्युमिनियमचं नको, बिनकल्हईचं तांब्या-पितळेचं तर नकोच.

'भरड' हा शब्द मुद्दाम वापरला. मिक्सरमध्ये बारीक पूड करू नका. पूड भांड्याच्या तळाशी बसून करपते आणि गाळताना निम्मी खाली उतरते. खलबत्त्यात चार ठोके दिले की पुरे.

इथे जरा थांबतो, कारण या विषयातलं मला सर्वात आवडलेलं हेच आहे. जुन्या वैद्यकात वनस्पती पाण्यात उतरवायच्या रीती वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. ताज्या वनस्पतीचा नुसता रस काढला तर स्वरस, वाटून गोळा केला तर कल्क, उकळून आटवला तर क्वाथ म्हणजे आपला काढा, रात्रभर थंड पाण्यात भिजवून सकाळी गाळला तर हिम, आणि उकळतं पाणी ओतून थोडा वेळ झाकून ठेवलं तर फांट. म्हणजे दार्जिलिंगचा पानांचा चहा हा खरं तर फांट आहे आणि आपला टपरीवरचा चहा हा काढा! शार्ङ्गधरसंहितेत काढ्याचं मापही दिलंय. औषधाच्या सोळापट पाणी घ्यायचं, मातीच्या भांड्यात आटवायचं, आठवा हिस्सा उरला की उतरवायचं. आता वैद्य बहुतेक वेळा चौथा हिस्सा ठेवतात, आमच्या आजीचंही तेच होतं.

या रीतींनी खरंच फरक पडतो का? पडतो. चीनमधल्या तू यूयू या शास्त्रज्ञ बाईंना 2015 साली नोबेल मिळालं ते हिवतापावरच्या आर्टेमिसिनिन या औषधासाठी. ज्या वनस्पतीतून त्यांनी ते काढलं, ती चिनी वैद्यकात शेकडो वर्षं तापावर वापरत होते. पण प्रयोगशाळेत उकळून अर्क काढला की गुण कधी दिसायचा, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या एका जुन्या चिनी ग्रंथात त्यांना आढळलं की ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून प्यायला सांगितली आहे, उकळायला नाही. त्यांनी कमी तापमानावर अर्क काढला आणि औषध हाती लागलं. म्हणजे 'कशाचा काढा' याइतकंच 'कसा काढला' हेही औषधच असतं. आमच्या कामात म्हणतात तसं, इनपुट तेच असलं तरी प्रोसेस बदलली की आउटपुट बदलतं.

आता पंसाऱ्याकडची गंमत. बऱ्हाणपूरच्या बाजारात 'चिरायता' मागितला की दोन वेगळ्या गोष्टी पुडीत येऊ शकतात. काडेचिराईत ही हिमालयातली वनस्पती आहे, आपल्याकडे उगवत नाही, बरीचशी नेपाळातून येते. संस्कृतात तिला किराततिक्त म्हणतात, किरातांच्या डोंगरातलं कडू. महासुदर्शन चूर्णात पन्नासच्या वर औषधं असतात आणि त्यातला सर्वात मोठा वाटा एकट्या या किराततिक्ताचा असतो. दुसरी वनस्पती म्हणजे कालमेघ किंवा भुईनिंब. तीही तितकीच कडू, तापावरच वापरतात, मैदानी भागात उगवते आणि स्वस्त असते. कोकणात 'किराईत' म्हणून काढ्याला बहुधा हीच घेतात. तामिळनाडूत डेंग्यूच्या साथीत सरकारी दवाखान्यांतून वाटल्या जाणाऱ्या 'निलवेंबू' काढ्यातही हीच असते. वाईट नाही, पण वेगळी आहे. ओळखायचं तर काडी मोडून बघा. कालमेघाची काडी चौकोनी आणि हिरवट असते. काडेचिराईताची काडी तपकिरी-जांभळट आणि बुंध्याकडे गोल, मोडली की आत पिवळसर भेंड दिसतं.

कडूपणाबद्दलही सांगायला हवं. चिराईतात अमारोजेंटिन नावाचं द्रव्य असतं. निसर्गात सापडणाऱ्या सर्वात कडू पदार्थांपैकी ते एक. कोट्यवधी भाग पाण्यात एक भाग मिसळला तरी जिभेला कळतं. माणसाच्या जिभेवर गोड ओळखायला एक प्रकारचा ग्राहक असतो, कडू ओळखायला पंचवीसच्या आसपास. एवढी तयारी कशासाठी? कारण झाडं खाल्ली जाऊ नयेत म्हणून जी विषं तयार करतात, त्यातली बरीचशी कडू असतात. जीभ आपल्याला सांगते, जपून. कडू थोडं घेतलं तर लाळ सुटते, भूक लागते. तापाने तोंडाची चव गेलेल्या माणसाला काढ्यानंतर पेज गोड लागते, हे चरकापासून सगळे सांगत आले आहेत आणि मीही अनुभवलं आहे. पण 'जितकं कडू तितकं गुणकारी' हे आमच्या अप्पांचं गणित मात्र चुकीचं निघालं.

आता ते सांगतो.

मार्च 2020 मध्ये ऑफिस बंद झालं आणि मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन शाहपूरला आलो. आजी जाऊन सहा वर्षं झाली होती. एप्रिलमध्ये आयुष मंत्रालयाची सूचना आली, ती तुम्हाला आठवत असेल. तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, काळी मिरी एक. पाहा, त्यात गुळवेल नाही, चिराईत नाही, कडू काहीच नाही. पण आपण मराठी माणसं, घरात शेताच्या बांधावरच्या कडुनिंबावर चढलेली मनगटाएवढी गुळवेल असताना नुसत्या तुळशीवर कसे थांबणार? कडुनिंबावरची गुळवेल तर सर्वात गुणाची मानतात. आई रोज काढा करू लागली. आजीची कृती तिला तोंडपाठ होती. भांडंही तेच, फळीच्या मागून काढलेलं. फक्त 'तीन दिवस' कोणाला आठवले नाहीत. आठवले असते तरी आम्ही म्हटलं असतं, साथ तीन दिवसांची थोडीच आहे.

मी, बायको आणि आई पंधरा-वीस दिवसांत कंटाळलो. अप्पा नाही कंटाळले. त्यांना साखरेची आणि बीपीची गोळी चालू होती, वय चौसष्ट, आणि टीव्हीवर रोज सांगत होते की अशाच लोकांना धोका जास्त. ते सकाळ-संध्याकाळ पूर्ण पेला घ्यायचे. वर नात्यातल्या कोणीतरी गोळ्यांच्या चार डब्या पाठवल्या, त्याही सुरू केल्या. डबीवर लिहिलं होतं 'गुडूची'.

मी त्या काळात अप्पांची एक एक्सेल शीट ठेवली होती. तारीख, उपाशीपोटीची साखर, बीपी, ऑक्सिजन, ताप, गोळी घेतली की नाही. रंगीत केलेली, ग्राफसकट. मला तिचा अभिमान होता.

ऑक्टोबरमध्ये अप्पांची भूक गेली. नवरात्रात उपासाची भगरही नको म्हणू लागले. आधी वाटलं थकवा असेल. मग एक दिवस आई हळूच म्हणाली, "यांचे डोळे पिवळे दिसतात रे." तपासणी केली. एसजीपीटी साधारण चाळीसच्या आसपास असायला हवं, ते सहाशेच्या वर. बिलिरुबिनही वाढलेलं. आमच्या डॉक्टरसाहेबांनी कावीळीच्या ए, ई, बी, सी अशा सगळ्या तपासण्या करून घेतल्या, सगळ्या निगेटिव्ह. दारू नाही, तंबाखू नाही. त्यांनी विचारलं, "औषधं कोणती चालू आहेत?" मी मोबाईलवर शीट उघडून दाखवली. साखरेची एक, बीपीची एक. त्यांनी परत विचारलं, "आणखी काही?" अप्पा म्हणाले, "काहीच नाही." मग त्यांनी आईकडे वळून तिसऱ्यांदा विचारलं, "घरगुती काही?"

आई म्हणाली, "औषध नाही हो. नुसता काढा."

किती दिवस? सहा महिने. दिवसातून किती वेळा? दोन. त्यात काय असतं? आईने सांगितलं. आणि गोळ्या कसल्या? मी घरी फोन करून बायकोला डबीवरचं नाव वाचायला लावलं. डॉक्टरसाहेबांनी कागदावर लिहिलं आणि माझ्याकडे सरकवलं: गुडूची, अमृता, गिलोय, गुळवेल, सगळं एकच. घरात मराठी, बाजारात हिंदी, डबीवर संस्कृत. अप्पा सहा महिने एकच वेल दोन नावांनी घेत होते, आणि माझ्या ग्राफवाल्या शीटमध्ये तिच्यासाठी रकानाच नव्हता.

सगळं बंद केलं. साखरेची गोळीही त्यांनी बदलून दिली. दर आठवड्याला रक्त तपासत राहिलो. आकडा आधी दोन आठवडे हललाच नाही. ते दोन आठवडे कसे गेले ते आईला विचारा. मग उतरू लागला. डिसेंबरच्या शेवटी साठच्या खाली आला. अप्पा वाचले. डॉक्टरसाहेब प्रामाणिक होते, म्हणाले, "हे गुळवेलीमुळेच झालं असं मी शंभर टक्के सांगू शकत नाही. पण बंद केल्यावर उतरलं, आणि दुसरं कारण सापडलं नाही. पुन्हा घेऊन बघायचा प्रयोग आपण करणार नाही."

पुढच्या वर्षी, जुलै 2021 मध्ये बातमी आली. मुंबईतल्या डॉक्टरांनी सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळातले असे सहा रुग्ण नोंदवले होते, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले. ऑक्टोबर 2020! मी तो दिवस विसरणार नाही, बातमी वाचून उठून अप्पांच्या खोलीत गेलो आणि उगीच त्यांना बघून आलो. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं, वनस्पतीची खात्री न करता गुळवेलीला दोष देणं दिशाभूल करणारं आहे. तिच्यासारखीच दिसणारी, खोडावर गाठी असणारी दुसरी जात चुकून घेतली गेली असू शकते. हा मुद्दा खोटा नाही, काडेचिराईताचं आपण वर पाहिलंच. नंतर 2022 मध्ये देशातल्या वेगवेगळ्या शहरांतल्या 43 रुग्णांचा मोठा अभ्यास आला. त्यातल्या अनेकांच्या यकृतात ऑटोइम्युन आजारासारखी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर उलटल्यासारखी चिन्हं दिसली. 'इम्युनिटी वाढवते' हे आपण कौतुकाने म्हणतो. ज्याची इम्युनिटी आधीच वाकड्या वाटेने चालली आहे त्याच्यासाठी ते कौतुक नाही.

मला मात्र दोन्ही बाजू ऐकायच्या होत्या. बऱ्हाणपूरच्या शिवनाथ शास्त्री आयुर्वेद महाविद्यालयात शिकलेले आमच्या ओळखीचे एक वैद्यजी आहेत. त्यांच्याकडे गेलो. मला वाटलं ते गुळवेलीची बाजू घेऊन माझ्याशी भांडतील. ते भांडलेच, पण वेगळ्या कारणावरून.

"सहा महिने? कोणी सांगितलं होतं?"

मी म्हटलं, सगळेच घेत होते.

"सगळेच घेत होते म्हणजे कोणी दिलं नव्हतं. काढा म्हणजे औषध आहे. रोग्याचं वय बघायचं, पचन बघायचं, ऋतू बघायचा, मग द्यायचा. आणि थांबवायचा कधी तेही देतानाच सांगायचं." मग म्हणाले, नवा ताप आला की लोक धावत कडू काढा करतात, ग्रंथांत तापाच्या सुरुवातीला लंघन येतं, हलकी पेज येते, तहान लागली तर नागरमोथा-वाळा-सुंठ घालून उकळलेलं पाणी येतं.  कोविडच्या सरकारी आयुष नियमावलीतही गुडूची घनवटी होती, पण तिथेसुद्धा पंधरा दिवस किंवा महिनाभर, किंवा वैद्य सांगतील तसं, असं लिहिलेलं होतं. डबी पाठवणाऱ्याने ते पाठवलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

मी त्यांना आजीच्या तीन दिवसांबद्दल सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुझ्या आजीला ग्रंथ माहीत नसेल. पण तीन दिवसांत ताप हलला नाही तर तो आपल्या आवाक्यातला नाही, एवढं तिला कळत होतं."

आज तर तीन दिवसही मी थांबणार नाही. आता आपल्याकडे मलेरियाची तपासणी होते, डेंग्यूची होते. भादव्यातला ताप काढ्याने उतरला असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा तो आपोआपच उतरणारा असतो, आणि डेंग्यूमध्ये तर ताप उतरल्यानंतरचे दोन दिवसच जास्त जपायचे असतात. रक्त आधी तपासा, काढा त्यानंतर हवा तर घ्या.

भोपाळच्या मावशींसाठी, आणि त्यांच्या सूनबाईंसाठी, कोणी हा काढा घेऊ नये तेही लिहितो. गरोदर बायकांनी आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी नको. ज्यांना यकृताचा त्रास आहे किंवा होऊन गेला आहे त्यांनी नको. थायरॉइड, सांधेवात असे ऑटोइम्युन आजार असतील तर गुळवेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पोटात अल्सर असेल तर चिराईत भडका करतं. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी जास्तच सांभाळावं. या कडू औषधांनीही साखर थोडी खाली येऊ शकते आणि दोन्ही मिळून घाम फुटून चक्कर येते. लहान मुलांना घरच्या घरी अजिबात नको, आम्हाला आजीने पाजला असला तरी. ऑपरेशन ठरलं असेल तर आधी सांगून बंद करा. आणि कुठल्याही डॉक्टरने औषधं विचारली की काढा, चूर्ण, घनवटी, रस, सगळं सांगा. डबी बरोबर न्या. "नुसता काढा" असं म्हणू नका.

सूनबाईंवर रागावू नका हं मावशी. तिने प्रेमानेच पाजला असेल, आमच्या आईनेही तेच केलं होतं. आई अजूनही ते भांडं दिसलं की गप्प होते. मी तिला कितीदा सांगितलं की शीट माझी होती, तिचा काय दोष. ती म्हणते, "शीट तुझी, पण हात माझा."

ज्यांना काही त्रास नाही आणि रोज काहीतरी गरम, घशाला बरं वाटणारं हवं आहे, त्यांनी काढ्याऐवजी फांट करावा. दोन तुळशीची पानं, किंचित सुंठ, चिमूटभर धने, वर उकळतं पाणी, पाच मिनिटं झाकण. आमच्याकडे पावसाळ्यात हेच चालतं. माझ्या शीटमध्ये आता 'इतर' नावाचा रकाना आहे आणि त्यात हेसुद्धा लिहितो. बायको मला हसते.

ती गुळवेल अजून आहे. बांधावरच्या कडुनिंबावर आता पार शेंड्यापर्यंत गेली आहे. मी एकदा तोडू का विचारलं, तर अप्पा म्हणाले, "तिनं काय केलं बिचारीनं? शेजारी नेतात, नेऊ दे. फक्त तीन दिवसांचं नेलं का ते विचारत जा." आणि ते खरंच विचारतात. बांधावर खुर्ची टाकून बसलेले असतात, कोणी कोयता घेऊन आलं की लांबूनच हाक मारतात.

स्वतः त्यांना मात्र चैन पडत नाही. यंदाही भादवा लागल्यावर आईकडे काढा मागितला. आईने धन्या-सुंठेचं पाणी केलं आणि त्याच मातीच्या भांड्यातून पेल्यात ओतून दिलं. एक घोट घेतला, पेल्यात पाहिलं आणि म्हणाले, "हे काय, कडूच नाही."